रातांबे, चौऱ्याहत्तरचा आकडा आणि धावपट्टीजवळचे चार दिवे

पत्र:

डॉक्टरताई, नमस्कार. आम्ही देवगड तालुक्यातले. थोडी आंब्याची कलमं आहेत आणि ह्यांचं पंप-मोटार रिपेअरिंगचं दुकान. मुलगा यंदा बारावी सायन्स झाला. चिपीचा विमानतळ सुरू झाला तेव्हा तो आठवीत होता. काकाच्या मोटारसायकलवरून विमान बघायला गेला, तेव्हापासून पायलटच व्हायचं म्हणतो. गेल्या महिन्यात मुंबईला क्लास टू मेडिकलला नेलं. सगळं ठीक निघालं, पण ठिपक्यांच्या पुस्तकात अडकला. डॉक्टर म्हणाले, कलर व्हिजन डिफेक्टिव्ह आहे. ज्याच्यामार्फत ॲडमिशन घेणार होतो तो एजंट म्हणतो, काळजी करू नका, आकडे पाठ करून दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ, आणि डोळ्यात बसवायची एक लाल लेन्स येते, तीही मिळवून देतो. सासूबाई म्हणतात, हे तुझ्या माहेरचं. माझे बाबा झाडावर चढले की कच्चे-पिके रातांबे (कोकमाची फळं) एकत्रच घेऊन उतरायचे, त्यावरून त्या बोलतात. ह्यांनी कर्जासाठी कलमांचे कागद बँकेत दिलेत. मुलगा धड जेवत नाही. हे बरं होईल का? मी काय करू?
– एक आई

उत्तर:

आधी कलमांचे कागद परत आणा. बाकीचं मग बोलू.

हे मी रागाने सांगत नाही, क्रम चुकतोय म्हणून सांगते. पायलटच्या शिक्षणाचा खर्च आता पन्नास लाखांच्या वर जातो आणि त्यातले बरेच पैसे सुरुवातीलाच मागतात. व्यावसायिक लायसन्सला क्लास वन मेडिकल लागतं, क्लास टू ही त्याच्या आधीची पायरी. क्लास वन हातात येईपर्यंत कुठल्याही फ्लाइंग स्कूलला फीचा हप्ता द्यायचा नाही. ज्यांच्या मुलांचे डोळे उत्तम आहेत त्या आईबापांनाही मी हेच सांगते, कारण मेडिकलमध्ये डोळ्यांखेरीज कान, हृदय, रक्त, सगळंच असतं. तुमच्या घरात तर एक दार अडलंय हे आधीच कळलंय. ते किती अडलंय, हे कळण्याआधी बाग गहाण टाकायची नाही. एजंटाला त्याचं कमिशन ॲडमिशनवर मिळतं, मेडिकलवर नाही, एवढं लक्षात ठेवलंत तरी त्याचं निम्मं बोलणं आपोआप गळून पडेल.

आता सासूबाईंचं. पंचाईत अशी की त्यांचं शास्त्र बरोबर आहे, बोलणं चूक आहे. लाल आणि हिरवा रंग ओळखणाऱ्या पेशींचे जनुक एक्स गुणसूत्रावर असतात. मुलाला एक्स मिळतो तो आईकडून, बापाकडून वाय. म्हणजे हा दोष मुलात आला तो तुमच्याकडूनच, आणि तुमच्या बाबांच्या रातांब्यांवरून वाटतं की तुमच्याकडे तो त्यांच्याकडून आला असावा. तुमचा दुसरा एक्स चांगला, म्हणून तुम्हाला कधी काही जाणवलं नाही. पण हिशेब पुढेही करा. तुमच्या प्रत्येक मुलाला हा दोष येण्याची शक्यता निम्मी होती. दुसरा मुलगा असता तर तो सुटलाही असता. तुम्हाला मुलगी असेल तर ती स्वतः बहुतेक ठीक असेल, पण तुमच्यासारखीच पुढे नेणारी असण्याची शक्यता निम्मी. यात कोणाचं पाप नाही, पुण्यही नाही. सासूबाईंना सांगा, माहेरून मुलाला काय द्यायचं आणि काय ठेवून घ्यायचं, असं मला कोणी विचारलं नव्हतं.

तुमचे बाबा कच्चे-पिके एकत्र आणायचे ते आळसाने नव्हे. रातांबा पिकला की लाल होतो आणि तुम्हा-आम्हाला हिरव्या पानांतून तो लांबून हाक मारतो. ज्याला लाल-हिरव्यातला फरक जाणवत नाही त्याला पानांआडचं फळ दिसतं ते आकारावरून, नाहीतर हात लावून. माझ्याकडे येणारे एक म्हातारे म्हणायचे, "माका सगळे सारखेच दिसतत." आंब्याच्या बाबतीत हीच माणसं फसत नाहीत, हे तुम्ही पाहिलं असेल. हापूस काढायचा तो रंगावर नाहीच. देठाजवळचे खांदे भरले का, ते बघून काढतात. अडचण जिथे रंगाशिवाय दुसरी खूण नसते तिथेच येते. ठिपक्यांच्या पुस्तकाचं तत्त्व हेच, आणि विमानाच्या दिव्यांचीही गोष्ट हीच.

ते पुस्तक शिनोबु इशिहारा या जपानी नेत्रतज्ज्ञांचं, १९१७ सालचं. ठिपके लहान-मोठे, काही फिके, काही गडद, मुद्दाम. आकडा वाचायला आकार किंवा गडदपणा मदतीला येऊ नये, फक्त रंगच यावा, अशी ती रचना. पहिल्या पानावरचा १२ सगळ्यांना दिसतो. तोही वाचता आला नाही तर माणूस नाटक करतोय, किंवा त्याची नजरच अधू आहे. पुढच्या पानांवर गंमत आहे. तुम्हाला ७४ दिसतो तिथे लाल-हिरव्याचा दोष असलेल्याला २१ दिसतो, आणि २९ च्या जागी ७०. काही पानं उलटी आहेत. चांगल्या नजरेला तिथे काहीच वाचता येत नाही आणि दोष असलेल्याला आकडा दिसतो.

आकडे पाठ करण्याचं ऐकून मला हसू आलं नाही, कारण हे मी खूप पाहिलंय. रत्नागिरीत प्रॅक्टिस होती तेव्हा बोटीवर जाणारी मुलं तपासायला यायची. एकाने मी पुस्तक उघडण्याआधीच सुरू केलं: बारा, आठ, सहा, एकोणतीस, सत्तावन्न. पाढे म्हणावेत तसं. मी मधलंच एक पान काढून समोर धरलं. तो म्हणाला, "एकोणतीस." पानावर ७४ होतं. बिचाऱ्याचे कान लाल झाले, आणि ते मला दिसले. मी त्याला चहा दिला. पण सर्टिफिकेट दिलं नाही.

युरोपात २४ पानांच्या आवृत्तीतली पहिली १५ पानं उलटसुलट क्रमाने दाखवतात आणि एकही चूक चालत नाही. पाठांतर तिथे टिकत नाही. समजा कुठे टिकलं, तरी क्लास वन चाळिशीपर्यंत दर वर्षी नवं करावं लागतं. कुठल्या वर्षी कुठला डॉक्टर पान फिरवेल हे एजंट सांगू शकत नाही. तोवर बाग गेलेली, कर्ज डोक्यावर, आणि मुलाने फॉर्मवर खोटं लिहिलेलं. हा सौदा मला पटत नाही, आणि तुम्हालाही पटत नसणार, नाहीतर पत्र लिहिलं नसतंत.

लाल लेन्सचं थोडक्यात सांगते. ती एका डोळ्यात बसवतात. लाल काचेतून हिरवे ठिपके काळवंडतात, लाल उजळ राहतात, त्यामुळे आकडा उठून दिसतो. रंग दिसत नाही, गडद-फिकं दिसतं. पुस्तक फसलं, डोळा सुधारला नाही. शिवाय त्याच काचेतून विमानतळाच्या कंट्रोल टॉवरने दाखवलेला हिरवा दिवाही अंधुक होणार. तपासणीत डॉक्टरने बॅटरी मारली की लेन्स दिसते. रंगीत चष्म्यांच्या जाहिरातीही अशाच. आणि हो, बरं होईल का, हे तुम्ही विचारलंत. जन्मजात असेल तर नाही. थेंब नाही, तेल नाही, योगाचा प्रकार नाही. कोणी औषध विकायला आलं तर त्याच्यासाठी चहा ठेवू नका.

एक अपवाद मात्र तपासून घ्या. मुलाला कधी टीबीची औषधं चालू होती का? त्यातल्या इथॅम्ब्युटॉल या औषधाने डोळ्याच्या नसेवर परिणाम होऊन लाल-हिरवा गोंधळ होऊ शकतो. ते वेगळं प्रकरण, त्याला वेगळे उपचार. जन्मजात दोष दोन्ही डोळ्यांत सारखा असतो. म्हणून प्रत्येक डोळा झाकून वेगळी तपासणी मागा. तुमच्या घराण्याचा इतिहास बघता जन्मजातच असणार, पण विचारायला काय जातं.

विमानात रंग लागतात तरी कुठे, असा प्रश्न मुलाच्या मनात असणार. हल्ली सगळं स्क्रीनवर असतं ना? असतं, पण स्क्रीनही रंगांतच बोलते. धोक्याची सूचना लाल, सावधगिरीची पिवळट नारिंगी, हवामानाच्या रडारवर हिरवा-पिवळा-लाल. विमानाच्या डाव्या पंखावर लाल दिवा, उजव्यावर हिरवा. हे तर आपला ट्रॉलरवालाही सांगेल, बोटीवरही तसंच असतं. रात्री समोरून येणाऱ्याचं कुठलं अंग दिसतंय ते त्यावरून कळतं. रेडिओ बंद पडला तर टॉवर दिव्याने बोलतो. उडत्या विमानाला स्थिर हिरवा म्हणजे उतर, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट दे आणि घिरट्या घालत राहा.

पण सगळ्यात महत्त्वाचे ते धावपट्टीच्या बाजूचे चार दिवे. त्यांना पॅपी म्हणतात. उतरणाऱ्या वैमानिकाला ते एका रांगेत दिसतात. दोन पांढरे, दोन लाल म्हणजे उतार बरोबर, साधारण ३ अंशांचा. चारही पांढरे म्हणजे तू फार वर आहेस, चारही लाल म्हणजे फार खाली. जुलै महिन्यात पाऊस कोसळतोय, काचेवर पाणी, पठारावर ढग टेकलेत, आणि वैमानिकाला त्या चार ठिपक्यांकडे क्षणभर बघून निर्णय घ्यायचाय. धुक्यातून पांढरा दिवा पिवळट होतो. लालाचा दोष असलेल्या डोळ्याला लाल दिवा मुळातच मंद दिसतो. त्या क्षणी आकार नाही, खांदे भरलेले आहेत का ते बघता येत नाही, हात लावता येत नाही. फक्त रंग.

२६ जुलै २००२ ला अमेरिकेत, फ्लोरिडातल्या तलाहासीला, पहाटे एक मालवाहू बोइंग ७२७ धावपट्टीच्या अलीकडे झाडांत कोसळलं. पॅपी खाली असल्याचं दाखवत होता. विमान चालवणाऱ्या सहवैमानिकाच्या रंगदृष्टीत दोष होता आणि तो सवलतीवर उडत होता. तपास मंडळाने थकवा आणि इतर चुका कारणांत धरल्या, पण हा दोषही धरला. विमानातले तिघेही वाचले, म्हणून ही गोष्ट मी मुलांना सांगू शकते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर तुमचा मुलगा ती इंटरनेटवर शोधून काढेल आणि डॉक्टरबाईंनी लपवलं म्हणेल. ऑस्ट्रेलियात १९८९ मध्ये एका वैमानिकाने लवादात भांडून निकाल आपल्या बाजूने लावून घेतला, आणि तिथे रंगदोष असलेल्यांना उडायची वाट मोकळी झाली. ब्रिटनच्या विमान प्राधिकरणाने लंडनच्या सिटी युनिव्हर्सिटीबरोबर संशोधन करून २००९ मध्ये वेगळाच मार्ग काढला. कॅड नावाची संगणकावरची चाचणी किती दोष आहे ते मोजते. ठरावीक रेषेच्या आत असलात तर पॅपी ओळखण्यात तुम्ही चांगल्या नजरेच्या बरोबरीने, म्हणून पास. पुस्तकात नापास होणाऱ्यांतले साधारण एक तृतीयांश तिथे सुटतात. अमेरिकेनेही १ जानेवारी २०२५ पासून नव्या उमेदवारांना संगणकावरच्या चाचण्या लागू केल्या. माझं मत विचाराल तर इशिहारा ही चाळण आहे, तराजू नव्हे. दोष आहे एवढं ती सांगते, किती आहे ते सांगत नाही. चाळणीत अडकला म्हणून मुलाला नापास म्हणणं घाईचं, आणि चाळणीला भोक पाडून पुढे जाणं त्याहून वाईट.

आंतरराष्ट्रीय नियमाचा मूळ शब्दही तसाच आहे. कामाला लागणारे रंग उमेदवाराला सहज ओळखता आले पाहिजेत, एवढंच तो म्हणतो. पुस्तकात अडखळलेल्याला दिव्यांचे रंग बरोबर ओळखता येतात का, ते दुसऱ्या पद्धतीने बघायची मुभा त्यात आहे. आपल्याकडे या दुसऱ्या पद्धतीत मार्टिन लँटर्न वापरतात. अंधाऱ्या खोलीत लहान छिद्रांतून रंगीत दिवे दाखवायचे. सैन्याच्या भाषेत दीड मीटरवरून पांढरा, सिग्नल लाल आणि सिग्नल हिरवा ओळखणारा म्हणजे सीपी-३, 'डिफेक्टिव्ह सेफ', दोष आहे पण धोका नाही असा. नागरी वैमानिकाचा अंतिम निर्णय डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा.

तेव्हा पुढचे दोन महिने असे घालवा. सर्वांत आधी त्या क्लास टू डॉक्टरकडून निकाल लेखी घ्या, किती पानं चुकली आणि कुठल्या प्रकाशात बघितली, यासकट. ट्यूबलाइटच्या पिवळट कोपऱ्यात, चार पावसाळे खाल्लेल्या पुस्तकावर केलेली तपासणी मी मानत नाही. आपल्या दमट हवेत पानांना बुरशी लागते आणि उजेडात रंग उडतात. माझं स्वतःचं पहिलं पुस्तक मी असंच घालवलं. तपासणी दिवसाच्या उजेडात, पण थेट उन्हात नाही, हाताच्या अंतरावर, एका पानाला तीन सेकंद, अशी व्हायला हवी. मोबाइलवरच्या चाचण्या सोडून द्या. प्रत्येक फोनचा रंग वेगळा, त्यात रात्रीचा पिवळा मोड.

मग मोठ्या हॉस्पिटलातल्या नेत्रतज्ज्ञांकडे जा. गोव्यात बांबोळीला जा नाहीतर मुंबईला, पण एसटीचं तिकीट काढण्याआधी फोन करून एकच प्रश्न विचारा, तुमच्याकडे अनोमॅलोस्कोप (रंगदोष मोजायचं यंत्र) किंवा लँटर्न आहे का? नसेल तर तिथे पुन्हा तेच पुस्तक दाखवतील आणि तुमचा दिवस जाईल. तपासणीनंतर दोन गोष्टी लिहून मागा. दोष प्रोटान म्हणजे लालाचा की ड्यूटान म्हणजे हिरव्याचा, आणि सौम्य, मध्यम की तीव्र.

सौम्य निघाला तर पुढे लढण्यात अर्थ आहे. डीजीसीएच्या मान्यताप्राप्त केंद्रात रीतसर जा, दोष लपवू नका, लँटर्न तपासणी मागा. बेंगळुरूचं इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन आणि दिल्लीचं हवाई दलाचं केंद्र हेच काम वर्षानुवर्षं करत आलेत. निकाल विरोधात गेला तर फेरतपासणी मागता येते. नियम बदलत असतात, म्हणून त्या दिवशीचा नियम डीजीसीएच्या संकेतस्थळावरून छापून जवळ ठेवा. एजंटाच्या तोंडी नियमावर जाऊ नका.

तीव्र निघाला तर मी तुम्हाला खोटी आशा देणार नाही. आंतरराष्ट्रीय नियमात क्लास टूला फक्त दिवसा, स्वच्छ हवेत उडण्याची अट घालून सूट देण्याची तरतूद आहे, पण त्यावर पोट भरत नाही. तो छंद आहे, आणि महागडा छंद आहे.

अशा वेळी शेजारी येऊन म्हणतील, मग बोटीवर घाला, नाहीतर रेल्वेत मोटरमन करा. दोन्हीकडे रंग तपासतात. डेकवर तर नाहीच, आणि रेल्वेत ड्रायव्हरला इशिहाराबरोबर एड्रिज-ग्रीन लँटर्न असतो. एअर ट्रॅफिक कंट्रोललाही क्लास थ्री मेडिकल आहे, त्यातही रंग. हे आधीच माहीत असू दे, म्हणजे पोराला दर वर्षी नव्याने नापास व्हावं लागणार नाही. विमानाचं वेड तेवढंच राहिलं असेल तर विमानाचं डिझाइन, एरोस्पेस इंजिनिअरिंग, हवामानशास्त्र ही दारं उघडी आहेत. फिजिक्स-मॅथ्स आहेच. गाडीचं म्हणाल तर २०२० मध्ये नियम बदलून सौम्य आणि मध्यम रंगदोष असणाऱ्यांना ड्रायव्हिंग लायसन्स मिळू लागलं. काकाची मोटारसायकल तो चालवू शकेल, बहुधा आताही चालवतच असेल.

मुलाशी बोलताना एक काळजी घ्या. "काही होत नाही" असं म्हणू नका. झालंय. चार वर्षं एकच गोष्ट मनात धरून बसलेल्या पोराला हे मोठं आहे, आणि त्याला आजपर्यंत माहीतच नव्हतं की तो जग वेगळं बघतो. शाळेत नकाशा रंगवताना कोणी हसलं होतं का, हे हळूच विचारा. त्याला आजोळी पाठवा. आजोबा असतील तर दोघांना शेजारी बसवून सांगा की ही भानगड दोघांची एकच आहे. आजोबांनी आयुष्यभर त्यावरून बोलणी खाल्ली, कोणी कारण सांगितलं नाही. नातवाला निदान ते कळलंय. आजोबांनाही आता कळू दे.

ह्यांना माझा निरोप द्या, एजंटाला दिलेलं टोकन असेल तर पावती शोधून ठेवावी, आणि परत मागताना फोनवर नाही, लेखी मागावं. नेत्रतज्ज्ञांचा कागद हातात आला की पुन्हा लिहा. त्यावर प्रोटान की ड्यूटान हे नसेल, तर मला लिहिण्याआधी परत जाऊन लिहून आणा.